मनाचा ताण आणि रोजनिशी

'रोजनिशी' या शब्दातील 'निशी' म्हणजे रात्र, आणि रात्री निजण्यापूर्वी लिहावयाची ती रोजनिशी, अशी पुष्कळांची समजूत असते. समजूत रम्य आहे. पण खरी नाही. हा 'निशी' फारसीतून आला असून त्याचा अर्थ लिहिणे असा आहे. फडणीस, चिटणीस या जुन्या हुद्द्यांत तोच दडलेला आहे. चिटणिशी म्हणजे चिठ्ठीपत्रांचे लेखन, तशी रोजनिशी म्हणजे रोजचे लेखन. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजनिश्यांचे रुमाल आहेत. त्यांत सनदा आहेत, हुकूम आहेत, नेमणुका आहेत, देणग्या आणि जमाखर्च आहेत. ज्या कारकुनाने त्या लिहिल्या त्याच्या मनाचे मात्र एक अक्षर त्यांत नाही. तसे ते असावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

या शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेसाठी मनावरील ताण आणि त्याचे निवारण या विषयाच्या आसपास काही मांडावे, असे सुचविण्यात आले. मी मानसशास्त्रज्ञ नव्हे, वैद्यही नव्हे; आयुष्यभर मराठी शिकविली एवढीच माझी मिळकत. तेव्हा ताणावरच्या अनेक उपायांपैकी जो उपाय भाषेच्या हद्दीत येतो तेवढ्यापुरतेच बोलणे मला शोभेल. तो उपाय म्हणजे स्वतःसाठी केलेले खासगी लेखन. 'मनातले कागदावर उतरवा म्हणजे मन हलके होते' असे सारेच सांगतात. ते अर्धेच खरे आहे, असे माझे म्हणणे आहे. भांडे पालथे केले की रिकामे होते. मन तसे होत नाही. लिहिण्याचा गुण सांडण्यात नाही, मांडण्यात आहे. नुसता दबलेला भार वाक्यात आला की त्याला कर्ता मिळतो, काळ मिळतो, कारण मिळते. आणि ज्याला कारण आहे त्याच्याशी माणसाला काही बोलता येते.

आपल्याकडे हिशेबाच्या वहीतून मनाच्या वहीकडे वळलेला एक मोठा माणूस आहे आणि गंमत अशी की तो खराच फडणीस होता. १७६१ च्या पानिपताच्या वेळी नाना फडणीस अवघे अठरा-एकोणीस वर्षांचे होते. आई आणि पत्नी यांना घेऊन ते त्या मोहिमेत गेले होते. रणांगणातून ते वेष पालटून, उपाशीतापाशी, जीव मुठीत धरून निसटले. पत्नी वाचली, आई गेली. पुढे त्यांनी जे त्रोटक आत्मवृत्त लिहिले त्यात हा पळ आहे, आईचा वियोग आहे, आणि तरुण वयातील स्वतःच्या मनाचे विकारही आहेत. ज्याच्या हिशेबीपणाची आणि गुप्ततेची पुढे हिंदुस्थानभर ख्याती झाली, तो पुरुष आपल्या भीतीविषयी आणि मोहाविषयी इतके उघडे लिहितो हे वाचताना आजही आश्चर्य वाटते. हे लेखन रोजनिशी नव्हे, हे मान्य. परंतु लक्षात घेण्यासारखे असे की ते नुसता विलाप नाही. काय घडले, कोणामागून काय घडले, आपल्या मनात त्या वेळी काय आले, हे सारे त्यात क्रमाने येते.

हा क्रम महत्त्वाचा का, याचे उत्तर अलीकडच्या काळात प्रयोगांनी शोधले गेले. अमेरिकेत डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, एकांतात लिहावयास बसविले. काहींना खोलीचे किंवा पायांतल्या बुटांचे वर्णन करण्यासारखे किरकोळ विषय दिले. उरलेल्यांना आयुष्यातील अतिशय क्लेशकारक प्रसंग लिहावयास सांगितला. मात्र त्यांचेही तीन गट केले. एका गटाने केवळ भावना लिहावयाच्या, दुसऱ्याने केवळ घटना, तिसऱ्याने दोन्ही. पुढील सहा महिन्यांत हे विद्यार्थी विद्यापीठाच्या दवाखान्यात किती वेळा गेले याची नोंद पाहिली गेली. लाभ दिसला तो घटना आणि भावना एकत्र लिहिणाऱ्या तिसऱ्या गटाला. त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. केवळ भावना ओतणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. केवळ घटना नोंदविणाऱ्यांनाही नाही.

याच प्रयोगातील आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. लिहून उठल्यावर त्या विद्यार्थ्यांना बरे वाटले नव्हते. ते अधिक खिन्न होते, त्यांचा रक्तदाब थोडा चढलेला होता. लाभ आला तो मागाहून. तेव्हा पहिल्या रात्री चार पाने लिहून डोळे भरून आले, झोपही नीट लागली नाही, म्हणून वही फेकून देणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

यानंतर या प्रकारचे प्रयोग जगभर झाले. १९९४ मध्ये नोकरीतून अकस्मात कमी केलेल्या, बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या अभियंत्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नोकरी गेल्याच्या दुःखाविषयी आणि रागाविषयी ज्यांनी काही दिवस लिहिले, त्यांना इतरांपेक्षा लवकर नवी नोकरी मिळाली. त्यांनी अर्ज जास्त केले होते असे नाही. संशोधकांचा तर्क असा की त्यांचा राग मुलाखतीच्या खोलीत त्यांच्याबरोबर शिरला नाही. तर्क आहे, पण पटण्याजोगा आहे. दुसऱ्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की २००६ मध्ये १४६ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा लाभ खरा, पण सरासरीने लहानच आढळला. रोजनिशी हा रामबाण नव्हे. काढ्यासारखा, बेताचा, बहुतेकांना सोसणारा आणि बिनखर्चाचा असा हा उपाय आहे. तो विकणारे त्याची वाटेल तेवढी स्तुती करतात. सुंदर बांधणीच्या महागड्या वह्याही आता मिळतात. शाळेची शंभर पानी वही पुरेशी आहे.

ज्यांना लाभ झाला त्यांच्या लिखाणात काय वेगळे होते? हा प्रश्न माझ्या दृष्टीने सर्वांत रोचक, कारण त्याचे उत्तर शब्दांत सापडले. पेनेबेकर यांनी ते लिखाण तपासले तेव्हा असे दिसले की ज्यांची प्रकृती सुधारली, त्यांच्या लेखनात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कारण दाखविणारे आणि उमज दाखविणारे शब्द वाढत गेले होते. मराठीत बोलायचे तर 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे', 'लक्षात आले', 'आता कळते की' असे शब्द. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. चौथ्या दिवशी गोष्ट. ज्यांनी पहिल्या दिवसापासून घोटीव गोष्ट लिहिली आणि तीच चारही दिवस घोटली, त्यांना तेवढा फायदा नाही. म्हणजे गुण गोष्टीत नाही. ती घडविण्यात आहे.

जुन्या पेढीवर बसलेल्या माणसाला हे एका क्षणात कळेल. त्याच्यापुढे दोन वह्या असत. कीर्दीत जे जसे घडले ते त्याच क्रमाने उतरायचे: कोण आला, काय दिले, काय नेले. मग फुरसतीने त्या रकमा खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती घालावयाच्या. नुसती कीर्द लिहून कोणाचे देणे किती हे कधीच कळत नाही. आणि कीर्दीवाचून खतावणी मांडणे म्हणजे तर लबाडीच. मनाच्या रोजनिशीतही पहिली तीन-चार पाने कीर्दीची असू द्यावीत. काना-मात्रा चुकू द्यावी, वाक्य तुटू द्यावे. मग दोन-तीन दिवसांनी तीच पाने वाचून खाते पाडावे: हा राग नक्की कोणाच्या नावे? साहेबाच्या, की ज्या दिवशी साहेब बोलले त्या दिवशी घरून निघताना जे घडले त्याच्या?

अ‍ॅन फ्रँक या मुलीची दैनंदिनी जगाला ठाऊक आहे. १२ जून १९४२ रोजी तेराव्या वाढदिवसाला तिला वही मिळाली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये लपून काढलेल्या दोन वर्षांत ती 'किटी' नावाच्या कल्पित मैत्रिणीला उद्देशून लिहीत राहिली, आणि १ ऑगस्ट १९४४ ही तिची शेवटची नोंद. पुष्कळांना हे माहीत नसते की १९४४ च्या वसंतात, युद्धकाळातील दैनंदिन्या आणि पत्रे जपून ठेवावीत असे आवाहन रेडिओवर ऐकल्यानंतर तिने आपली जुनी पाने पुन्हा लिहावयास घेतली. काही गाळली, काही जोडली, कोठे स्वतःच्याच जुन्या शब्दांवर शेरा मारला. पंधरा वर्षांची पोर आपल्या तेराव्या वर्षाची खतावणी करीत होती.

आता आपल्या भाषेकडे येतो. हल्ली घरात, कचेरीत, शाळेच्या आवारात मनाच्या सर्व पीडांना एकच शब्द आहे: टेन्शन. परीक्षेचे टेन्शन, मुलीच्या लग्नाचे टेन्शन, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे टेन्शन, शेजाऱ्याच्या कुत्र्याचेही टेन्शन. परभाषेतील शब्द आला म्हणून माझी तक्रार नाही. मराठीने असे हजारो शब्द पचविले आहेत. तक्रार ही की हा शब्द झाकणासारखा आहे. तो उच्चारला की आत काय आहे ते पाहण्याची गरज उरत नाही.

त्याच्या जागी मराठीने काय काय दिले होते पाहा. पुढे होणाऱ्या अनिष्टाची ती धास्ती. उत्तर वेळेवर येत नाही तेव्हा लागतो तो घोर. कारण नीट सांगता येत नाही, संध्याकाळी दाटते, ती हुरहुर. दोन वाटांमध्ये जीव इकडेतिकडे होतो ती घालमेल. एखादे करावयाचे राहिले याची बारीक टोचणी ती रुखरुख. कोणी केलेली जखम वरून भरली तरी आत राहतो तो सल. बोलावयाचे आहे पण बोलता येत नाही तो कोंडमारा. सहन करून करून येतो तो उबग. हे समानार्थी शब्द नव्हेत. प्रत्येकाचे मूळ वेगळे, म्हणून उतारही वेगळा. घोर लागला असेल तर फोन करून विचारावे. रुखरुख असेल तर राहिलेले काम करावे, आणि ते करण्याजोगे नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. कोंडमाऱ्याला ऐकणारा माणूस लागतो. उबग आला असेल तर रजा घ्यावी. 'टेन्शन' म्हटले की यांपैकी काहीच सुचत नाही.

भावनेला अचूक नाव देण्याने तिचा जोर ओसरतो याला प्रयोगशाळेतही आधार मिळाला आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, क्रुद्ध किंवा भेदरलेल्या चेहऱ्यांची चित्रे पाहताना लोकांनी त्या भावनेला शब्द दिला, तेव्हा मेंदूतील भयाशी निगडित असलेल्या भागाची चेतना कमी झाली. आपल्या आज्या-पणज्यांना मेंदूचे भाग ठाऊक नव्हते. त्या 'जिवाला घोर लागलाय गं' एवढे नेमके बोलत असत. म्हणून रोजनिशी लिहिणाऱ्याला माझी पहिली विनंती अशी, की 'टेन्शन' हा शब्द लिहावासा वाटला की तिथे थांबून विचारावे: यांपैकी कोणते? कधीकधी एकाच टेन्शनाखाली तीन निघतात.

दुसरी विनंती व्याकरणाची आहे. व्याकरण म्हटले की आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या कपाळावर आठी पडते, तरी ऐकावे. मराठीत आपण 'मला राग आला' म्हणतो, 'मला भीती वाटते' म्हणतो. वाक्याचा कर्ता राग आहे, भीती आहे. मी तिथे चतुर्थीत, पाहुणा ज्याच्या घरी आला त्याच्या जागी आहे. जो येतो तो जातोही, हे वाक्याच्या घडणीतच सांगितलेले आहे. 'मी रागीट आहे' या वाक्यात ती सोय नाही. तिथे राग माझा गुणधर्म झाला, उंचीसारखा. 'मी भित्रा आहे', 'मी अपयशी आहे', 'मी वाईट आई आहे' अशी वाक्ये वहीत आली की ती 'आहे'तून काढून 'आला', 'वाटले', 'झाले' यांत आणून पाहावीत. 'आज सकाळी मुलावर ओरडले आणि मग मला फार वाईट वाटले.' घटना तीच. पण आता ती आज सकाळची आहे, जन्माची नाही.

मात्र या सोयीचा गैरफायदाही मराठी माणूस घेतो, आणि तो पकडणे हे रोजनिशीचे दुसरे काम. आपल्या भाषेत अंग चोरण्याची वाक्ये फार सुबक आहेत. 'शब्दाला शब्द वाढला', 'बोलाचाली झाली', 'तोंडातून निघून गेले', 'जायचे राहून गेले'. यांत माणूसच नाही. सारे आपोआप घडते. समजा कोणी लिहिले: 'यंदाही गावी आईकडे जाणे राहून गेले.' याला कर्तरीत आणावे: 'यंदाही मी आईकडे गेलो नाही.' हे वाक्य बोचते. बोचले म्हणून पुढचे वाक्य सुचते: 'गेलो नाही, कारण धाकट्याच्या नोकरीचे ती विचारील आणि मला उत्तर देता येणार नाही.' एवढे लिहून झाले की जो भार 'व्याप फार' या नावाने वर्षभर छातीवर होता, त्याचे खरे नाव समोर येते. जायचे की नाही, हा प्रश्न मग उद्याच्या गाडीचा उरतो.

तिसरी खूण एका अक्षराची आहे: 'च'. मलाच, माझेच, नेहमीच, शेवटी तसेच. २०१८ मध्ये इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी चिंता आणि नैराश्य यांनी ग्रासलेल्यांच्या इंग्रजी लिखाणाचा अभ्यास केला; 'नेहमी', 'कधीही नाही', 'पूर्णपणे' अशा टोकाच्या शब्दांचे प्रमाण त्यांत इतरांहून ठळकपणे जास्त आढळले. मराठीत त्या सर्व शब्दांचे काम एकटा 'च' करतो. लिहून झाल्यावर पेन्सिलीने वाक्यांतील 'च' खोडून पुन्हा वाचावे. 'माझेच चुकले' आणि 'माझे चुकले' यांत एका अक्षराचे अंतर आहे. पहिल्यात रडणे आहे, दुसऱ्यात दुरुस्तीला जागा आहे. अर्थात काही वाक्यांत 'च' खराच असतो. तो तिथे राहू द्यावा.

स्वतःशी कोणत्या पुरुषात बोलावे, हाही प्रश्न आहे. रोजनिशी 'मी'ची, हे उघड आहे. पण आपल्या संतांनी मनाला समोर बसवून 'तू' म्हटले. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत आणि त्यांत संबोधन मनाला आहे. तुकोबा मनाशी भांडतात, त्याला समजावतात, त्याच्यापुढे हातही टेकतात. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस दुसऱ्या शतकात डॅन्यूबकाठच्या युद्धाच्या धामधुमीत ग्रीक भाषेत स्वतःसाठी टिपणे लिहीत होता. तोही स्वतःला 'तू' म्हणतो. या युक्तीने अर्धे पाऊल मागे सरता येते. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखविले, की अवघड प्रसंगापूर्वी स्वतःशी बोलताना 'मी'ऐवजी स्वतःचे नाव किंवा 'तू' वापरणाऱ्यांना ताण कमी जाणवतो. जो प्रसंग 'मी'ने लिहिता येत नाही तो 'तो घरी आला आणि त्याने पाहिले' असा लिहून पाहावा. मग एखाद्या दिवशी 'तो'चा 'मी' करावा.

आणि भाषा कोणती? हा प्रश्न पुण्यात कोणी विचारणार नाही. आपल्या बेळगावात विचारलाच पाहिजे. आपली मुले घरात मराठी, बाजारात कन्नड, वर्गात इंग्रजी आणि दूरदर्शनसमोर हिंदी बोलतात. या शाळेतून बाहेर पडलेले पुष्कळ जण बंगळूर, दुबई, टोरांटोला आहेत आणि त्यांची कामाची सारी काळजी इंग्रजीत वाढते. अनेक भाषा बोलणाऱ्यांविषयीच्या अभ्यासांत असे दिसते की भावनेचे शब्द साधारणतः पहिल्या भाषेत अधिक भारलेले असतात. नंतर शिकलेल्या भाषेत ते थोडे थंड लागतात. दोन्हींचा उपयोग आहे. एखादी गोष्ट मराठीत लिहिताना हात थरथरत असेल तर ती आधी इंग्रजीत लिहावी, संकोच करू नये. परंतु जे भांडण मराठीत झाले, जो टोमणा मराठीत मारला गेला, तो परभाषेत नेला की त्याचा दंशच निघून जातो आणि मग औषध कशावर करायचे ते कळत नाही. वडिलांचा शब्द वडिलांच्या भाषेत लिहावा. कार्यालयातील पत्राचा घाव त्या पत्राच्या भाषेत लिहिला तरी चालेल.

मराठीत लिहावयाचे म्हणताच पुष्कळांचा हात अडतो, कारण त्यांना वाटते आपल्याला 'चांगले' मराठी येत नाही. याचा दोष आम्हा भाषाशिक्षकांच्या संप्रदायाकडे जातो. आम्ही निबंधात सूर्याला सहस्ररश्मी म्हणावयास शिकविले, 'आज मला शाळेत यावेसे वाटले नाही' या वाक्याला गुण दिले नाहीत. रोजनिशीला अलंकार नकोत. घरात बोलता तसे लिहावे. बेळगावची बोली असेल तर बोलीत लिहावे, शुद्धलेखनाकडे पाहू नये.

आता इशारा. जनावर रवंथ करते तेव्हा गिळलेलेच पुन्हा तोंडात येते. पण त्यातून अंगी काही लागते. मनाच्या रवंथात तेही नाही. त्याच अपमानाचे तेच पान पंधरा दिवस लिहिले जात असेल, तर ती वही उपाय नसून रोगाचे साधन झाली असे समजावे. अमेरिकेत अ‍ॅरिझोना येथे डेव्हिड स्बारा यांनी नुकत्याच विभक्त झालेल्या स्त्री-पुरुषांवर केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना मुळातच 'असे का झाले' हे उकरीत बसण्याची सवय होती, त्यांचे दुःख भावना लिहिल्याने लांबले. त्यांना लाभ झाला तो दिवसभरात काय काय केले याच्या कोरड्या नोंदींनी. म्हणजे पेशवे दफ्तरातील कारकुनाच्या तऱ्हेची रोजनिशी! सहाला उठलो, दूध आणले, बँकेत गेलो, रांग मोठी होती. काही काळांत एवढेच लिहावे. घरात मृत्यू झाला असेल, अपघात ताजा असेल, तर पहिले काही आठवडे खोलात शिरू नये. जवळच्या माणसांत बसावे. पेनेबेकर यांचा स्वतःचाच नियम असा, की लिहिता लिहिता असह्य होऊ लागले तर विषय बदलावा किंवा लेखणी खाली ठेवावी. आणि झोप-भूक आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असे वाक्य वहीत पुन्हा पुन्हा येत असेल, तर वही मिटून डॉक्टरांकडे जावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनिसेवा चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यात कमीपणा नाही.

शाळेच्या पुस्तिकेत विद्यार्थ्यांसाठी काही नसावे हे बरे नव्हे. शिकागो विद्यापीठातील जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, परीक्षेला बसण्यापूर्वी दहा मिनिटे विद्यार्थ्यांना त्या परीक्षेविषयी वाटणारी भीती कागदावर लिहावयास सांगितली होती. जी मुले एरवी परीक्षेला फार घाबरत, त्यांचे गुण याने सुधारले. कारण सोपे आहे: काळजी ही मनातली जागा अडवते, आणि गणितालाही तीच जागा लागते. दहावीच्या केंद्राबाहेर शेवटच्या क्षणापर्यंत पोरांच्या हातात मार्गदर्शिका कोंबणाऱ्या पालकांनी त्यांपैकी दहा मिनिटे मुलाला एक कोरा कागद द्यावा. तो कागद नंतर फाडून टाकावा, वाचू नये.

झोप न येणाऱ्यांसाठीही एक लहानशी गोष्ट आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील बेलर विद्यापीठात सत्तावन्न तरुणांवर झालेल्या प्रयोगात, निजण्यापूर्वी पाच मिनिटे उद्या-परवा करावयाच्या कामांची यादी लिहिणारे, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोपी गेले. यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. वीजबिल भरणे, डॉक्टरांची वेळ घेणे, काकूंना पत्र, बस्स.

शेवटी वहीच्या एकांताविषयी. आपल्या घरांत दार लावून बसणे हेच जिथे संशयास्पद, तिथे कुलूपबंद वही म्हणजे जवळजवळ बंड. सुनेची वही सासू उघडते, मुलीची आई उघडते, आणि दोघींनाही आपण काळजीपोटी तसे केले असे वाटते. ज्या वहीला दुसरा वाचक आहे तिच्यात मांडणे थांबते. लेखक त्या वाचकासाठी लिहू लागतो. सतराव्या शतकातील इंग्रज सॅम्युअल पीप्सने यावर युक्ती काढली. १६६० ते १६६९ या नऊ-साडेनऊ वर्षांची त्याची दैनंदिनी, लंडनच्या प्लेगसकट आणि आगीसकट, लघुलिपीत आहे. आपल्या आजोबांच्या पिढीला मोडी येत होती. ज्या घरात पुढे कोणालाच मोडी वाचता येत नाही तिथे तिच्याइतके भक्कम कुलूप नाही, आणि ती शिकण्याचे वर्ग आजही भरतात. एवढा खटाटोप नको असेल तर सुट्या कागदांवर लिहावे आणि खतावणी झाली की फाडून टाकावे. लाभ लिहिण्यात आहे, जपण्यात नाही. भ्रमणध्वनीवर लिहिणाऱ्यांनी एवढे पाहावे की त्याच यंत्रावर दर मिनिटाला दुसऱ्या कोणाचा तरी निरोप येत असतो.

ज्यांना वह्या जपावयाच्याच आहेत त्यांनी, विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींनी, आपल्यामागे त्यांचे काय करावे हे आजच ठरवावे. पीप्सने आपली ग्रंथसंपदा केंब्रिजच्या मॅग्डेलीन महाविद्यालयाकडे जाईल अशी व्यवस्था केली. त्यातच ती दैनंदिनीही गेली आणि १८२५ मध्ये प्रथम छापली गेली. आपल्या ट्रंकेतील वह्यांसाठी एवढा विचार बहुधा लागणार नाही. वरच्या वहीवर एक चिठ्ठी चिकटवावी. 'न वाचता जाळावे' किंवा 'नातीने तिशी ओलांडल्यावर वाचावे', जे असेल ते शाईने लिहावे, तारीख घालावी, आणि ट्रंकेची किल्ली कोठे आहे हे घरातील एका माणसाला सांगून ठेवावे.